गल्लीतल्या रामेनवाल्याचा हिशोब

टोकियोच्या एदोगावा भागात मी चार वर्षं राहिलो. निशि-कासाई स्टेशनच्या आसपास आपल्या लोकांची बरीच वस्ती आहे, त्यात आयटीतली मराठी घरंही पुष्कळ. स्टेशनहून घरी येताना वाटेत एक रामेनचं, म्हणजे गरम सुपातल्या नूडल्सचं, दुकान लागायचं. दारावर लाल कापडी पडदा, आत नऊ स्टुलं, कोपऱ्यात उंचावर टीव्ही, आणि तेलाच्या वाफेनं पिवळ्या पडलेल्या कागदी पट्ट्यांवर हाताने लिहिलेली पदार्थांची नावं. नवरा-बायको दोघंच दुकान चालवायचे, दोघंही पंचाहत्तरीच्या आसपासचे. एका सोमवारी शटर खाली होतं आणि त्यावर कागद चिकटवला होता: ‘इतकी वर्षं लोभ ठेवलात, मनापासून आभारी आहोत.’ जपानमध्ये राहिलेल्या माणसाला हा कागद लांबूनच ओळखू येतो. त्यावरचे शब्द जवळपास ठरलेले असतात.

पुढे बातम्यांत आकडा वाचला. तेइकोकु डेटाबँक ही जपानमधली कंपन्यांच्या आर्थिक स्थितीची नोंद ठेवणारी संस्था. तिच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये रामेनचे ७२ व्यवसाय दिवाळखोरीत निघाले. आदल्या वर्षी हा आकडा ५३ होता. आणि हे कुठल्या साली? ज्या साली जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पर्यटकांनी भेट दिली, आणि त्यांतले कितीतरी लोक रामेन खाण्यासाठी रांगा लावून उभे होते.

गिऱ्हाईक आहे, कौतुक आहे, जगभर नाव आहे, आणि तरी दुकानं बंद पडतायत. हे कोडं सोडवायचं तर त्या वाडग्याचा हिशोब पहिल्यापासून मांडावा लागतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गल्लीतलं रामेन स्वस्त मिळायचं, पण ती स्वस्ताई पदार्थाची कधीच नव्हती. त्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या कष्टांचा मोबदला बिलात लावलेलाच नव्हता, म्हणून वाडगा स्वस्त होता.

कुठलं रामेनचं दुकान?

‘रामेनचं दुकान’ म्हटलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येऊ शकतात. एक, नाव कमावलेल्या आचाऱ्याचं दुकान, बाहेर तासभर रांग. दोन, साखळी दुकानं, म्हणजे एका कंपनीच्या शेकडो शाखा. तिसरं म्हणजे गल्लीतलं, घरगुती, जिथे रामेनबरोबर ग्योझा (भाजून वाफवलेल्या करंज्या), परतलेला भात आणि थंडगार बिअर मिळते. या तिसऱ्या प्रकाराला जपानीत ‘माचि-चूका’ म्हणतात. माचि म्हणजे वस्ती, चूका म्हणजे चिनी पद्धतीचं जेवण. मी या तिसऱ्या दुकानाबद्दल लिहितोय.

दारावरच्या त्या लाल पडद्याला ‘नोरेन’ म्हणतात. तो बाहेर लावला की दुकान उघडं, आत घेतला की बंद. पुढे हा शब्द दुकानाच्या नावलौकिकासाठीही वापरात आला. आपण ‘पेढीचं नाव’ म्हणतो, तसंच काहीसं.

अशा दुकानांचं वस्तीशी नातं कसं होतं, ते एका गोष्टीवरून कळतं. फोन केला की मालक लाकडाच्या किंवा पत्र्याच्या उभ्या पेटीतून घरी रामेन आणून द्यायचा, खऱ्याखुऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात. खाऊन झालं की वाडगा धुऊन दाराबाहेर ठेवायचा, नंतर दुकानाचा माणूस येऊन उचलून न्यायचा. अनामत नाही, पावती नाही. काही ठिकाणी हे अजूनही चालतं. वाडग्यावर दुकानाचं नाव आणि फोन नंबर छापलेला असायचा, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या दुकानाच्या वाडग्यांत सरमिसळ होत नाही.

वाडग्यात असतं काय?

मिसळ आपण कशी लावतो ते आठवा. उसळ वेगळी, कट वेगळा, फरसाण वेगळं, कांदा चिरलेला. गिऱ्हाईक आलं की एकेक थर चढतो. रामेनचंही तसंच आहे. आधी शिजवून ठेवलेल्या गोष्टी अर्ध्या मिनिटात एकत्र येतात, पण त्या अर्ध्या मिनिटामागे आठ-दहा तासांची तयारी असते.

वाडग्यात पाच गोष्टी असतात. सूप हे हाडांचं, गल्लीतल्या दुकानात बहुधा कोंबडी आणि डुकराचं, सोबत सुकवलेली छोटी मासळी. दुसरा ‘तारे’, म्हणजे सोया सॉसचा खारट, घट्ट अर्क. खरी चव आणि मीठ यातूनच येतं, सूप स्वतः जवळपास अळणी असतं. तिसरं वरचं तेल, चौथ्या नूडल्स, आणि पाचवं वर मांडायचं ते सगळं: मांसाचा काप, आंबवलेले बांबूचे कोंब, समुद्री शेवाळाचा कागदासारखा तुकडा, कांद्याची पात, आणि जुन्या पद्धतीचं दुकान असेल तर गुलाबी भोवरा असलेली माशाच्या वडीची चकती.

नूडल्स पिवळ्या आणि चिवट का असतात, याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. उडदाच्या पापडात आपण पापडखार घालतो. त्याने पीठ ताणलं जातं, लाटलं तरी फाटत नाही. रामेनच्या पिठात ‘कान्सुइ’ नावाचं खारं पाणी घालतात, तोही त्याच जातीचा क्षार, सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट. गव्हाचा चिकटपणा त्याने घट्ट होतो, पिठाला पिवळी झाक येते, आणि गरम सुपात नूडल्स लवकर लिबलिबीत होत नाहीत. कान्सुइ नसेल तर ती नुसती गव्हाची शेवई.

चवीचं गणित मात्र जपानी माणसानेच उलगडलं. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने शेवाळाच्या पाण्यातला चवीचा घटक वेगळा काढला आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी तो पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाजारात आला. आपल्या चायनीजच्या गाडीवर ‘अजिनोमोटो’ म्हणून जी असते, तीच ही. १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्याने, शिंतारो कोदामाने, सुकवलेल्या माशातला दुसरा घटक शोधला. हे दोन घटक एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणून सोया सॉस, हाडं आणि सुकी मासळी एकाच वाडग्यात.

माझ्या दुकानातले ताइशो (मालकाला गिऱ्हाइकं अशीच हाक मारतात, आपण ‘शेठ’ म्हणतो तशी) वाडगा आधी उकळत्या पाण्याने भरून ठेवायचे. काठ हाताला चटका देईल इतका गरम झाला की पाणी ओतून द्यायचे. मग तळाशी पळीभर तारे, त्यावर तेल, त्यावर सूप. नूडल्सची जाळी दोनदाच झटकायची, पाण्याचा थेंब सुपात जाता कामा नये. नूडल्स चॉपस्टिक्सने उचलून घडी घातल्यासारख्या खाली सोडायच्या. त्यांची बायको वरचं मांडायची. दोघं एकमेकांशी बोलत नसत, बोलायची गरजच पडत नसे.

स्वस्त झालं कसं?

पदार्थ मूळचा चिनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात योकोहामा, कोबे, नागासाकी ही बंदरं परदेशी व्यापाराला खुली झाली, चिनी लोक आले, त्यांच्या नूडल्स आल्या. १९१० मध्ये टोकियोच्या असाकुसा भागात ‘राइराइकेन’ नावाचं दुकान निघालं. मालक जपानी, आधी कस्टम खात्यात नोकरीला असलेला. आचारी मात्र त्याने योकोहामाहून चिनी आणले. सामान्य जपानी माणसाच्या खिशाला परवडणारं रामेन इथून पुढे रूढ होत गेलं.

पण आज ज्याला आपण ‘जुन्या काळचं’ म्हणतो ते दुकान युद्धानंतरचं. १९४५ नंतर जपानमध्ये तांदूळ नव्हता. अमेरिकेतून गहू आला. चीन आणि मांचुरियातून लाखो जपानी माणसं परत आली होती, त्यांना नूडल्स आणि ग्योझा करता यायच्या आणि हाताला दुसरं काम नव्हतं. त्यांनी हातगाड्या टाकल्या. रात्री छोट्या सनईसारखं वाद्य वाजवत गाडी फिरायची. परदेशी धान्य ताटाचा नकाशा कसा बदलतं, हे बहात्तरच्या दुष्काळातला मिलो आठवणाऱ्या आपल्या आधीच्या पिढीला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे मिलो आठवणीपुरता उरला. जपानमध्ये तो गहू वाडग्यात कायमचा राहिला.

पुढे भरभराटीची वर्षं आली. खेड्यांतून तरुण पोरं शहरात कामाला आली, कारखान्यांतून, बांधकामांवरून भुकेली बाहेर पडली. गाड्यांची दुकानं झाली, खाली दुकान आणि वर घर. १९५८ मध्ये मोमोफुकु आंदो यांनी पहिलं झटपट रामेन बाजारात आणलं, त्याच वर्षाच्या शेवटी टोकियो टॉवर बांधून झाला. शिन-योकोहामाला १९९४ मध्ये रामेनचं संग्रहालय उघडलं, तेव्हा त्यांनी आत जी गल्ली उभारली ती १९५८ चीच: संधिप्रकाशाचं छत, पत्र्याच्या पाट्या, अरुंद बोळ. बाहेरचा माणूस आज ‘किती छान जुनं वातावरण’ म्हणतो ते त्या वर्षांचं आहे, आणि माझ्या दुकानासारखी दुकानं त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत सुरू झालेली. म्हणजे तेव्हाची तरुण जोडपी आज पंचाहत्तर-ऐंशीला पोचलीत.

आता हिशोब

पुढचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, एका साध्या दुकानाचे म्हणून. खरं दुकान थोडं इकडे-तिकडे असेल.

समजा वाडगा ७५० येनला. आपल्या चारशे-साडेचारशे रुपयांच्या घरात. दिवसाला ५० वाडगे जातात. एका वाडग्यामागे साहित्याला २७० येन, गॅस, वीज आणि पाण्याला ७५, डागडुजी, साफसफाई, कर वगैरेला ७५. झाले ४२०. उरले ३३०. पन्नास वाडग्यांचे मिळून १६,५०० येन.

वाईट नाही, असं वाटेल. पण दुकानात माणसं दोन. पहाटे सूप चढवण्यापासून रात्री फरशी घासण्यापर्यंत प्रत्येकाचे बारा तास. दोघांचे चोवीस. १६,५०० ला चोवीसने भागा. तासाला ६८७ येन.

टोकियोत ऑक्टोबर २०२४ पासून कायद्याने किमान वेतन तासाला १,१६३ येन झालं. त्याच्या पुढच्या वर्षी १,२२६. म्हणजे कॉलेजच्या पोराला भांडी घासायला ठेवलं तर त्याला जेवढे द्यावे लागतील, त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास मालक स्वतः घरी नेतो. स्वतःच्या दुकानात स्वतःला कमी मजुरी देणं हा गुन्हा नाही, म्हणून ते चालून जातं.

आणि या हिशोबात भाडं नाही, कारण जागा स्वतःची. पन्नास वर्षांपूर्वी घेतलेली, कर्ज केव्हाच फिटलेलं. आता हेच दुकान दुसऱ्या कुणी भाड्याने घेतलं, महिना दोन लाख येनने, पंचवीस दिवस चालवलं, तर वाडग्यामागे १६० येन भाडं पडतं. दोन माणसांना किमान वेतन द्यायचं तर वाडग्यामागे साधारण ५५८. साहित्य आणि बाकीचे ४२० धरले की बेरीज १,१३८. यात नफा एक येनचाही नाही.

७५० चा वाडगा खरा ११३८ चा होता. मधले ३८८ येन ते दोघं रोज, प्रत्येक गिऱ्हाइकामागे, आपल्या अंगावर घेत होते.

त्यात आणखी एक पदर आहे. नोकरदाराला जपानमध्ये दोन थरांचं पेन्शन मिळतं. स्वतःचा धंदा करणाऱ्याला फक्त खालचा थर, आणि चाळीस वर्षं न चुकता हप्ते भरले असले तरी २०२४-२५ मध्ये ते महिना ६८,००० येनच. टोकियोत तेवढ्यात एका माणसाचं भागत नाही, म्हणून दुकान चालू ठेवायचं. पण तेवढे येतात, म्हणून वाडग्याची किंमत वाढवायची घाई नाही. मला हे उमगायला फार वेळ लागला. मी खात होतो त्या रामेनला दुकानातल्या काकूंचं, ताइशोंच्या बायकोचं, पेन्शन हातभार लावत होतं.

मग अचानक काय बिघडलं?

तोल सांभाळून होता, पण काठावर. धक्का एकीकडून आला नाही.

जपानला लागणारा बहुतेक गहू परदेशातून येतो. सरकार तो विकत घेतं आणि गिरण्यांना ठरलेल्या दराने विकतं, दर वर्षातून दोनदा बदलतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये हा दर एकदम १७.३ टक्क्यांनी वाढला. त्या वर्षी युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालेलं. मग येन घसरला. २०२४ च्या जुलैत डॉलरला १६० येनच्याही पुढे गेला. येन घसरला की गहू महाग, गॅस महाग, कोंबडी-डुकराचं खाद्य महाग, म्हणून मांस आणि हाडंही महाग. सूप सहा-आठ तास मंद आचेवर ठेवावंच लागतं, तिथे काटकसर करायला जागा नाही. २०२५ मध्ये तांदळाचा भावही आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट झाला, आणि गल्लीतल्या दुकानाचा परतलेला भात हा मुख्य आधार असतो.

जिथे दाराशी पैसे टाकून जेवणाचं कूपन काढायचं यंत्र आहे त्यांच्यावर आणखी एक संकट आलं. ३ जुलै २०२४ ला नव्या नोटा चलनात आल्या आणि जुनी यंत्रं त्या ओळखेनात. नवं यंत्र दहा लाख येनच्या घरात. हजाराच्या नव्या नोटेवर किताझातो शिबासाबुरो आहेत, १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांपैकी एक डॉक्टर. दोनच वर्षांनी तो प्लेग मुंबईत आणि मग पुण्यात येऊन थडकला होता. ती नोट पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी थोडा वेळ तिच्याकडे नुसता बघत राहिलो.

‘किंमत वाढवली की झालं!’

हा सगळ्यात पहिला आणि रास्त प्रश्न. याला जपानमध्ये खास शब्द आहे: ‘हजार येनची भिंत’. रामेन हजाराच्या वर गेलं की गिऱ्हाईक कचरतं, असा धंद्यातल्या लोकांचा अनुभव आहे. तोच माणूस पास्त्याला दीड हजार देतो, न कुरकुरता. न्यूयॉर्कमध्ये रामेनला वीस डॉलर मोजतात. पण रामेन म्हणजे मजुराचं, विद्यार्थ्याचं, रात्री शेवटच्या गाडीने उतरलेल्याचं खाणं, ही समजूत सत्तर वर्षांत हाडांत मुरलीय. वडापाव दीडशे रुपयांना मिळायला लागला तर आपल्याला जे वाटेल, तेच.

रांगवाली दुकानं ही भिंत ओलांडू लागलीत. त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक लांबून, ठरवून येतं. गल्लीतल्या दुकानात मात्र तीच माणसं येतात, आठवड्यातून तीनदा. त्यांतला निम्मा भाग स्वतः पेन्शनवरचा. समोर बसलेल्या शेजाऱ्याला, ज्याच्या बायकोच्या अंत्यविधीला आपण गेलो होतो, त्याला पन्नास येन जास्त सांगायचे कसे? किंमत वाढवताना भिंतीवरची कागदी पट्टी बदलावी लागते. माझ्या दुकानात आकड्यावर पांढऱ्या कागदाचा छोटा तुकडा चिकटवून वर नवा आकडा लिहिला होता. ७०० चा ७५०. उन्हात खालचा आकडा दिसायचा.

‘कारखान्यातून आणावं ना तयार’

नूडल्स तशाच येतात, आधीपासून. बहुतेक लहान दुकानं नूडल्स स्वतः करत नाहीत. जवळपासचा नूडल्सवाला सकाळी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पसरट पेट्यांमधून पोचवतो, पेटीवर त्याचं नाव. दुकानाला हवी तशी जाडी, हवा तेवढा कान्सुइ, हे त्याच्याशी ठरलेलं असतं. आपल्याकडे मिसळवाला पाव ठरलेल्या बेकरीतूनच घेतो, तसं. त्यामुळे एक दुकान बंद झालं की नूडल्सवाल्याच्या रोजच्या पेट्या कमी होतात, आणि अशी काही दुकानं गेली की उरलेल्यांसाठी गाडी फिरवणं त्याला परवडत नाही.

सूप मात्र तयार पिशवीतून आणलं तर त्या दुकानात जायचं कारणच संपतं. चव वाईट असेल असं नाही. सगळीकडे सारखी असेल.

‘मुलगा नसेल तर दुसऱ्या कुणाला चालवायला द्यावं’

जपानमध्ये जुनी रीत आहे: दहा वर्षं हाताखाली काम केलेल्या माणसाला मालक आपलं नाव लावायची परवानगी देतो. नोरेनचा वाटा देणं, असं म्हणतात. सरकारनेही सगळ्या ४७ प्रांतांत अशी केंद्रं काढलीत, जिथे वारस नसलेला मालक आणि धंदा शोधणारा तरुण यांची गाठ घालून दिली जाते. काही ठिकाणी जमतंही. पहाटे उठायची तयारी असलेली, त्या चवीवर जीव असलेली पोरं भेटतात.

पण वरचा हिशोब पुन्हा बघा. नवा माणूस आला की भाडं सुरू होतं, किंवा कर्ज. त्याची बायको फुकट राबणार नाही, आणि राबूही नये. म्हणजे हातात नोरेन येते, पाककृती येते, पण ७५० ही किंमत येत नाही. शिवाय दुकान घराच्या पोटात असतं. जिना स्वयंपाकघरातून वर जातो, न्हाणीघर दुकानाच्या मागे. वर म्हातारं जोडपं राहतंय आणि खाली परका माणूस सूप उकळतोय, हे प्रत्येकाला पेलत नाही.

मुलांबद्दल कुणी ‘जबाबदारी टाळली’ म्हणतं तेव्हा मला राग येतो. त्या मुलांना शिकवलं कुणी? याच वाडग्यांनी. बापाने चाळीस वर्षं पहाटे चारला उठून पोराला कॉलेजात पाठवलं, ते पोराने पहाटे चारला उठू नये म्हणूनच.

‘साखळी दुकानं आहेतच की’

आहेत, स्वस्त आहेत, स्वच्छ आहेत, आणि रात्री बाराला पोटात काहीतरी गरम हवं असलेल्या माणसाच्या उपयोगाची आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एका जागी सूप करून शेकडो शाखांना पाठवलं की खर्च वाटला जातो, तो त्यांचा हिशोब चोख आहे.

फरक कुठे पडतो ते मुंबई-पुण्याच्या माणसाला इराण्यावरून कळेल. इराणी हॉटेलं कमी झाली म्हणून शहरात चहा मिळेनासा झाला नाही. पण संगमरवरी टेबलावर एका कपावर तासभर बसलेल्या माणसाला ‘उठा’ न म्हणणारी जागा गेली. माचि-चूकामध्येही हेच होतं. दुपारी दोननंतर एकटा राहणारा एखादा म्हातारा यायचा, ग्योझाची अर्धी प्लेट आणि बिअरची छोटी बाटली घ्यायचा, टीव्हीवरची बेसबॉल बघायचा. तीन दिवस आला नाही तर काकू कुणाला तरी त्याच्या घरी डोकावून यायला सांगायच्या. जपानमध्ये पासष्टीच्या पुढची माणसं लोकसंख्येच्या २९ टक्के आहेत, त्यांतली कितीतरी एकटी. हे डोकावणं कुठल्या खर्चाच्या रकान्यात लिहायचं?

बातमीत न आलेली दुकानं

आता परत त्या ७२ कडे येऊ. हा आकडा कायदेशीर दिवाळखोरीचा आहे, आणि त्यातही किमान एक कोटी येन देणं असलेल्या व्यवसायांचा. म्हणजे ज्यांनी कर्ज काढलं, शाखा वाढवल्या, माणसं ठेवली, आणि मग बुडाले, ते त्यात येतात. माझ्या दुकानाच्या ताइशोंवर कर्ज नव्हतं. नूडल्सवाल्याची शेवटची उधारीही त्यांनी चुकती केली होती. ते दिवाळखोर झाले नाहीत. त्यांनी दुकान बंद केलं, एवढंच. जपानीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, आणि बातमीचा मथळा पहिल्याचा होतो.

त्यामुळे ‘एवढ्या हजारो दुकानांतली ७२ म्हणजे काय मोठंसं’ हा आक्षेप आकड्यापुरता बरोबर असला, तरी तो वेगळ्याच दुकानांबद्दल आहे. गल्लीतली दुकानं बुडत नाहीत, त्यांचे मालक थकतात. कंबर धरते, मनगट जाळी झटकेनासं होतं, शीतपेटी बिघडते आणि नवी घ्यायला सत्तर वर्षांच्या माणसाला कुणी दहा वर्षांचं कर्ज देत नाही, आणि तो मागतही नाही.

शटरवर कागद लागला त्याच आठवड्यात दुकानाबाहेर खोक्यांत भांडी मांडून ठेवली होती. ‘हवं ते मोकळेपणाने न्या’ अशी चिठ्ठी. जपानमध्ये दुकान बंद करताना असं पुष्कळ जण करतात. शेजारचे लोक येऊन एकेक वस्तू उचलत होते, बशी, पाण्याचा ग्लास, सोया सॉसची बाटली. एका आजींनी ग्योझाच्या चार बशा पिशवीत घातल्या आणि बंद शटरला कमरेतून वाकून नमस्कार केला.

मी एक वाडगा घेतला. सहा महिन्यांनी आम्ही भारतात परत आलो तेव्हा तो कपड्यांत गुंडाळून आणला. त्या जागी तोवर घर पाडून चार गाड्यांचं पार्किंग झालं होतं. वाडगा आता पुण्यात आमच्या ओट्यावर असतो. काठाला आतून लाल चौकोनी वळणांची नक्षी, बाहेरून दुकानाचं नाव आणि फोन नंबर. आई त्यात संध्याकाळची कणीक मळते आणि ओलं फडकं झाकून ठेवते.